बेसी स्मिथचा हिशेब जाहीर करा

प्रति,
संचालक मंडळ, सोनी म्युझिक एंटरटेनमेंट,
न्यूयॉर्क

सप्रेम नमस्कार.

1 जानेवारी 2026 रोजी, 1925 साली प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणे अमेरिकेच्या कायद्याने सर्वांसाठी खुली झाली. ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची गाणी, गाणाऱ्या बेसी स्मिथने 14 जानेवारी 1925 रोजी न्यूयॉर्कमध्ये गायलेले 'सेंट लुईस ब्लूज' त्यातच आहे. शंभर वर्षे त्या तबकडीवर आधी कोलंबिया कंपनीची मालकी होती, मग सीबीएस कंपनीची आणि 1988 पासून आपली. ती मुदत संपली. जिने ते गायले तिला या सगळ्या काळात त्यातून काय मिळाले, याचा हिशेब आता आपण स्वतः होऊन जगापुढे ठेवावा, यासाठी हे पत्र लिहिते आहे. ते उघडपणे लिहिते, कारण हा प्रश्न माझा एकटीचा नाही.

मी कोल्हापुरात वाढले, गाणे शिकले, आता फिलाडेल्फियाच्या परिसरात राहते आणि थोडेफार शिकवते. शॅरन हिलचे माउंट लॉन कब्रस्तान माझ्या घरापासून फार लांब नाही. बेसीला तिथे पुरले आहे. माझी आजी नाटक कंपनीत गायची. तरुणपणी एका कंपनीने तिच्या तबकड्या काढल्या, एकदाच बिदागी हातावर ठेवली आणि कागदावर सही घेतली. त्या कागदात काय लिहिले आहे ते तिला कुणी वाचून दाखवले नाही. ती गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी तिचे एक पद मी फोनवर ऐकले, तेव्हा पडद्यावर तिचे नावसुद्धा धड लिहिलेले नव्हते. त्या कंपनीबद्दल इथे मला काही मांडायचे नाही. एकरकमी बिदागीवर गाणे विकले गेले की गाणाऱ्या बाईच्या घरात पुढे काय उरते, हे मी जवळून पाहिले आहे, एवढेच सांगते.

'सेंट लुईस ब्लूज' मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा आधी लक्ष गेले ते साथीकडे. ढोल नाही, गिटार नाही. लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटसारखे फुंकून वाजवायचे वाद्य, आणि फ्रेड लाँगशॉची पेटी. हो, भात्यावर चालणारी पेटीच. संगीत नाटकाच्या पायपेटीवर ज्याचा कान घडला आहे त्याला तो सूर परका वाटणारच नाही. त्या भरदार, संथ सुरावर बेसी आपला आवाज ठेवते. पहिल्याच ओळीत मावळत्या सूर्याचा उल्लेख येतो. तिथे ती तान घेत नाही, हरकत घेत नाही. सूर धरते, जरा खाली घसरते, आणि घसरण संपते तिथे आर्मस्ट्राँग तिला उत्तर देतो. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यासमोर उभे राहून गायचे आणि सुईने मेणावर जे उमटेल ते खरे. इतक्या अडचणीच्या साधनातून तिच्या आवाजाचे वजन आजही पोचते. माझ्या विद्यार्थिनींना 'ठेहराव' म्हणजे काय हे समजावताना मी हे गाणे लावते.

आता थोडा मागचा इतिहास. आपल्या दप्तरात तो असणारच, पण वाचकांसाठी सांगायला हवा.

1920 पर्यंत अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांना कृष्णवर्णीय गायिकांचे ब्लूज विकले जाईल असे वाटतच नव्हते. पेरी ब्रॅडफर्ड नावाच्या संगीतकाराने ओकेह कंपनीचे दरवाजे ठोठावून मॅमी स्मिथला आत नेले. 10 ऑगस्ट 1920 रोजी तिने 'क्रेझी ब्लूज' गायले. तबकडी धडाक्याने खपली आणि कृष्णवर्णीय गिऱ्हाईक आपल्या घामाचे पैसे देऊन आपल्या माणसांचे गाणे विकत घेते, हे कंपन्यांना कळले. 'रेस रेकॉर्ड्स' नावाचा व्यापार तिथून सुरू झाला. पुढे 1926 मध्ये ओकेह कोलंबियाने विकत घेतली. म्हणजे या धंद्याची पहिली तबकडीही आपल्याच घरात आली.

बेसी टेनेसीतल्या चॅटनूगाची. आईवडील लहानपणीच गेले. भाऊ अँड्र्यू गिटार वाजवायचा आणि ती नाइन्थ स्ट्रीटवर उभी राहून गायची. 1912 मध्ये मोझेस स्टोक्सच्या फिरत्या मंडळीत ती शिरली, तीही नर्तकी म्हणून, कारण गाण्यासाठी तिथे मा रेनी ही गायिका आधीच होती. पुढची दहा वर्षे तंबू, कनाती, अटलांटाचे '81' थिएटर, रेल्वेचे डबे, अशी फिरस्ती. आपल्याकडे फडातली कलावंतीण गावोगावच्या जत्रांवर तयार होते तशीच ती तयार झाली. समोरचा प्रेक्षक उठून गेला तर संध्याकाळचे जेवण नाही, ही तिची तालीम. ब्लॅक स्वान आणि ओकेह या कंपन्यांनी तिला नाकारले. शेवटी 16 फेब्रुवारी 1923 रोजी कोलंबियासाठी तिने 'डाउनहार्टेड ब्लूज' गायले. हे गाणे अल्बर्टा हंटर आणि लव्ही ऑस्टिन या दोन बायकांनी रचलेले. सहा महिन्यांत त्याच्या सात लाख ऐंशी हजार प्रती खपल्याचे सांगितले जाते. आकडा थोडा इकडेतिकडे असेल, पण त्या वर्षी कोलंबिया कर्जात बुडत चालली होती आणि बेसीच्या तबकड्यांनी तिला हात दिला, याबद्दल इतिहासकारांत फारसे दुमत नाही.

इथून माझ्या तक्रारी सुरू होतात.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार कराराची. सुरुवातीला पियानोची साथ करणारा क्लॅरेन्स विल्यम्स मधला माणूस होता. तबकडीच्या वापरण्याजोग्या प्रत्येक बाजूमागे (एका बाजूवर एक गाणे) ठरलेल्या 125 डॉलरांपैकी निम्मे तो स्वतःच ठेवत होता. बेसीने आणि तिच्या नवऱ्याने त्याला गाठून तो व्यवहार मोडला आणि कोलंबियाच्या फ्रँक वॉकरने तिच्याशी थेट करार केला. इथपर्यंत ठीक. पण त्या करारातले रॉयल्टीचे कलम रेघ ओढून खोडलेले होते. प्रति बाजू 125 डॉलर, पुढे वाढत जाऊन 200. एवढे दिले की विषय संपला. 1923 पासून 1931 पर्यंत तिने कोलंबियासाठी सुमारे 160 बाजू गायल्या. गुणाकार कुणीही करून पाहावा. एका आयुष्याच्या गाण्याची सगळी किंमत वीस ते बत्तीस हजार डॉलरांत बसते आणि त्यानंतर तबकडी एक खपो की दहा लाख, तिला एक सेंट नाही.

यावर मिळणारे उत्तर मला ठाऊक आहे: त्या काळी असेच चालायचे, आणि थिएटरमध्ये तिला आठवड्याला दोन हजार डॉलरांपर्यंत मिळत होते. मिळत होते, खरे आहे. ती तिच्या काळातली सर्वाधिक कमाईची कृष्णवर्णीय कलावंत होती आणि स्वतःच्या रेल्वेच्या डब्यातून मंडळीसह फिरत होती. पण ते पैसे रंगमंचावर उभे राहून, रात्रीमागून रात्र गाऊन मिळालेले. गळा थांबला की ते थांबणार. तबकडीचे उत्पन्न गळा थांबल्यावरही चालू राहते आणि नेमका तोच हक्क तिच्या कागदावरून खोडला गेला. कायद्यापुढे दाद मागण्याची ताकद नसलेल्या, शाळा फारशी न पाहिलेल्या एका कृष्णवर्णीय बाईच्या कागदावरची ती रेघ 'रीत' म्हणून सोडून देणे मला मान्य नाही.

एक उदाहरण देते. 'बॅकवॉटर ब्लूज' तिने स्वतः रचले. पुराने घर गेलेल्या, टेकडीवर उभे राहून खालचे पाणी पाहणाऱ्या बाईचे ते गाणे. 17 फेब्रुवारी 1927 रोजी जेम्स पी. जॉन्सनच्या पियानोवर ते मुद्रित झाले. जॉन्सनचा डावा हात त्यात पाण्यासारखाच चढत जातो. 1926 च्या नाताळात नॅशव्हिलला कंबरलँड नदीचा पूर आला होता, त्यावरून ते सुचले असे अभ्यासक मानतात. दोनच महिन्यांनी मिसिसिपीने बांध फोडले, लाखो माणसे उघड्यावर पडली, त्यांत कृष्णवर्णीय शेतमजूर फार मोठ्या संख्येने होते. ते गाणे त्या लोकांचे झाले. त्यांनी विकत घेतलेल्या प्रत्येक प्रतीतून कंपनीला उत्पन्न मिळाले. या खपातला वाटा तिच्या करारात नव्हता.

1931 मध्ये मंदी आली, खप पडला आणि कोलंबियाने तिला काढून टाकले. व्यापारात तोटा झाला की माणसे काढतात, हे समजते. 24 नोव्हेंबर 1933 रोजी जॉन हॅमंड या निर्मात्याने ओकेहसाठी तिच्या चार बाजू घेतल्या, पूर्वीच्या मानाने फारच थोड्या पैशांत. त्या चार बाजू ऐका. सांगीतिक काळ पुढे सरकला होता आणि तीही त्याच्याबरोबर चालत होती. साथीला नव्या चालीचे वादक आहेत आणि ती त्यांच्यापुढे जरासुद्धा जुनी वाटत नाही. तिचे दिवस संपले होते असे लिहिणाऱ्यांनी हे ऐकलेच नसावे.

दुसरी तक्रार तिच्या थडग्याची.

26 सप्टेंबर 1937 रोजी मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलजवळ महामार्ग 61 वर मोटार अपघातात ती जखमी झाली आणि गावातल्या कृष्णवर्णीयांच्या इस्पितळात तिचा अंत झाला. गोऱ्यांच्या इस्पितळाने तिला दारातून परत पाठवल्याची कथा अजून सांगितली जाते. ती हॅमंडने ऐकीव माहितीवर छापली आणि नंतरच्या चौकशीत टिकली नाही. अपघातस्थळी पोचलेल्या डॉक्टरांच्या सांगण्यानुसार तिला थेट कृष्णवर्णीयांच्याच इस्पितळात नेले गेले. त्या राज्यात दुसरीकडे नेण्याचा विचारही कुणी केला नसता. मला तर हे खरे वास्तव त्या दंतकथेपेक्षा जास्त अस्वस्थ करते.

फिलाडेल्फियात तिच्या अंत्ययात्रेला हजारो माणसे लोटली. पण कबरीवर दगड बसला नाही. याचा दोष एकट्या कंपनीच्या माथी मी मारणार नाही. 1948 मध्ये न्यूयॉर्कला तिच्या स्मरणार्थ जलसा झाला, पैसे जमले, आणि तरीही दगड आला नाही, त्यात घरच्यांचाही वाटा होता. पण तारखा पाहा. 1951 मध्ये कोलंबियाने तिच्या गाण्यांचा चार एलपींचा संच बाजारात आणला. कबर तेव्हा बेनाव होती. 1970 मध्ये तिचे सगळे ध्वनिमुद्रण पाच जोड-एलपींत काढायला घेतले. कबर तेव्हाही बेनाव होती. अखेर एका स्थानिक बाईने वर्तमानपत्राकडे विचारणा केली आणि जॅनिस जॉप्लिन ही गायिका व लहानपणी बेसीच्या घरी कामाला जाणारी हुआनिटा ग्रीन या दोघींनी मिळून खर्च उचलला. 7 ऑगस्ट 1970 रोजी दगड बसला. तेहतीस वर्षे. तिच्या आवाजावर जगलेली कंपनी तिथून फार लांब नव्हती, न्यूयॉर्क ते फिलाडेल्फिया गाडीने दोन तासांचे अंतर आहे.

मॅमी स्मिथचे तर त्याहून वाईट. ती 1946 मध्ये गेली, स्टेटन आयलंडवर तिला पुरले, आणि तिच्या कबरीवर आज जो दगड आहे तो 2013 मध्ये चाहत्यांच्या वर्गणीतून उभा राहिला.

तिसरी गोष्ट न्यायालयाची. बेसीच्या दत्तक मुलाने सत्तरच्या दशकात सीबीएसविरुद्ध फिलाडेल्फियाच्या फेडरल न्यायालयात दावा लावला. 1979 मध्ये तो फेटाळला गेला. दाव्याची मुदत केव्हाच टळून गेली होती, हे त्यातले मोठे कारण. न्यायालयाने कायद्याप्रमाणे निकाल दिला, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण दाद मागायला उशीर झाला म्हणून दावा बुडणे वेगळे आणि पैसे देणे लागत नव्हते असे सिद्ध होणे वेगळे. कायद्याने आपल्याला देण्यापासून मोकळे केले असेल, पण देण्यापासून कुणी अडवलेले नाही.

आणि हे केवळ इतिहासाचे भांडण नाही, म्हणूनच आपल्याला लिहिते आहे. 2018 च्या म्युझिक मॉडर्नायझेशन अ‍ॅक्टने 1923 ते 1946 मधल्या ध्वनिमुद्रणांना शंभर वर्षांचे संरक्षण दिले. त्या हिशेबाने 'बॅकवॉटर ब्लूज' 2028 पर्यंत खुले होणार नाही. 1929 चे 'नोबडी नोज यू व्हेन यू आर डाउन अँड आउट' 2030 पर्यंत नाही. हॅमंडच्या चार बाजूंना निदान 2034 उजाडावे लागेल. तोवर ही गाणी विकण्याचा हक्क आपलाच. याच कायद्याने आणखी एक गोष्ट केली: इंटरनेट रेडिओवर जुनी गाणी वाजली तर त्याच्या शुल्कातला 45 टक्के वाटा मुख्य कलावंताकडे थेट जातो, मूळ करारात काहीही लिहिलेले असो. म्हणजे या देशाच्या कायदेमंडळाने मान्य केले की 1927 च्या गायिकेचाही वाटा असतो. पण श्रोता हवे ते गाणे निवडून ऐकतो त्या सेवांचे पैसे मूळ कराराप्रमाणे वाटले जातात. करारात रॉयल्टीची ओळच खोडलेली असेल तर तिथे वाटा किती?

2021 मध्ये आपण जाहीर केले की 2000 सालापूर्वीच्या कलावंतांच्या खात्यावरची जुनी, न फिटलेली उचल बाजूला ठेवून त्यांना मिळकत दिली जाईल. हा निर्णय चांगला होता आणि मी त्याचे मनापासून स्वागत केले. त्यातून एवढे तरी दिसले की जुना करार म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे, आपल्या मनात असेल तर तो सैल करता येतो. मग ज्यांच्या नावावर उचलसुद्धा नाही, कारण त्यांना रॉयल्टीच कधी नव्हती, त्या बायकांना या निर्णयाने काय मिळाले?

चौथी तक्रार लहान वाटेल, मला ती तशी वाटत नाही. मी ज्या सेवेवर ऐकते तिथे बेसीच्या गाण्यापुढे संग्रह निघाल्याचे साल दिसते, गायल्याचे नाही. नवख्या मुलीला वाटते की हे गाणे 1991 चे आहे. जो स्मिथचा कॉर्नेट, चार्ली ग्रीनचा ट्रॉम्बोन, फ्लेचर हेंडरसनचा पियानो यांची नावे मिळत नाहीत. सगळी माहिती त्या काळच्या नोंदवह्यांत आहे आणि जाणकारांनी ती केव्हाच पुस्तकांत छापली आहे.

आता माझ्या मागण्या.

1920 ते 1933 या काळात कोलंबिया आणि ओकेहसाठी गायलेल्या कृष्णवर्णीय गायिकांचे जे करार आणि मानधनाच्या नोंदी आपल्याकडे उरल्या आहेत, त्या जशाच्या तशा अभ्यासकांसाठी आणि वारसांसाठी खुल्या कराव्यात. बेसी, मॅमी, क्लॅरा स्मिथ, सिपी वॉलेस, सगळ्यांच्या. त्याबरोबर बेसीच्या ध्वनिमुद्रणांवर आज कुणाला किती टक्के दिले जातात, की काहीच दिले जात नाही, हे एका पानात सांगावे.

ज्यांच्या करारात रॉयल्टी नव्हती, त्यांना आज एखाद्या नव्या कलावंताला आपण देता तो किमान दर लागू करावा, आणि तो निदान 2018 पासून मागे जाऊन द्यावा. वारस सापडले तर त्यांना. सापडले नाहीत तर ती रक्कम वेगळ्या निधीत ठेवून या कलावंतांच्या कबरींची निगा, जुन्या कृष्णवर्णीय कब्रस्तानांची डागडुजी आणि चॅटनूगासारख्या गावांतल्या मुलामुलींचे संगीतशिक्षण यांवर खर्च व्हावी. निधीवर आपल्या माणसांबरोबर त्या गावांतली माणसेही असावीत.

जी ध्वनिमुद्रणे आता सर्वांची झाली आहेत, त्यांचे धातूचे मूळ साचे किंवा उत्तम प्रती आपल्याकडे असतील तर त्यांवरून स्वच्छ डिजिटल प्रत करून ती लायब्ररी ऑफ काँग्रेसला द्यावी. 2011 मध्ये त्यांच्या 'नॅशनल ज्यूकबॉक्स'साठी व्हिक्टर कंपनीच्या जुन्या तबकड्या विनामूल्य ऐकवायची परवानगी आपणच दिली होती. तेव्हा हे अशक्य नाही. हक्क संपले पण चांगली प्रत कुलपात राहिली तर लोकांच्या हाती झिजलेल्या तबकडीची खरखरच येते.

आणि प्रत्येक गाण्यापुढे मुद्रणाची तारीख, रचनाकार आणि साथीदारांची नावे लिहावीत. हे काम महिनाभरात होण्यासारखे आहे, त्यापासून सुरुवात करावी.

या पत्राचे उत्तर मला वैयक्तिक नको. ते जाहीरपणे द्यावे, आणि नकार असेल तर त्याची कारणेही त्यातच द्यावीत.

आपली,
एक मराठी श्रोती
फिलाडेल्फिया परिसर